ठिपका दिसण्याआधी

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

पोहोचलो! आमगावहून सकाळची गाडी धरली आणि आईनं बांधून दिलेला डबा उघडायच्या आत दुर्ग आलंसुद्धा. उमाकांतकाका स्टेशनवर स्वतः घ्यायला आले होते. एवढ्या मोठ्या माणसानं माझी बॅग उचलली तेव्हा मलाच लाज वाटली. बाबा भिलाईत प्लांटमध्ये होते तेव्हा काका त्यांचे साहेब. ज्या वर्षी बाबांना कावीळ झाली, त्या वर्षी काकांनी नऊ दिवस त्यांच्या खाटेजवळ बसून काढले. आमच्या घरी ही गोष्ट देवाच्या कहाणीसारखी सांगतात.

काकांचं घर कोहक्यात आहे. खाली ते राहतात, वर गच्चीला लागून माझी खोली. खिडकीत शेवग्याचं झाड, पार शेंगांनी लदलेलं. सरलाकाकूंनी आल्या आल्या टमाट्याच्या चटणीसोबत तांदळाच्या पिठाचे गरम चीले वाढले. मी पाच खाल्ले आणि सहाव्याला नाही म्हटलं तर त्या रागावल्या. म्हणाल्या, "खा रे बाबू. आता कामच हाताचं हाये, हाताले ताकद नोको का?"

त्यांचा मुलगा सिद्धांत. सव्वीस वर्षांचा, माझ्याहून चारच वर्षांनी मोठा. बैठकीत वेताच्या खुर्चीवर बसलेला असतो, दोन्ही हात मांडीवर, खाली घडी घातलेला टॉवेल. हात हलत नाहीत, बाकी सगळा ठीक. बोलतो, हसतो. मला म्हणाला, "हाथ नहीं मिला सकता यार, तूच माझा हात धरून हलव." मी हलवला. हात थंड होता. पण माणूस गोड आहे.

आयटीआय केल्याचा आज पहिल्यांदा फायदा झाला असं वाटून राहिलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

कामाचा पहिला दिवस. काकांचं सेंटर हथखोजला आहे, एका बंद पडलेल्या गोदामात. नाव ‘त्वरा कंट्रोल्स’. आत गार हवा, पांढरे दिवे, आठ टेबलं आणि प्रत्येकावर एक टचस्क्रीन.

काम असं: स्क्रीन काळा असतो. कधीतरी मधोमध पिवळा ठिपका येतो. दोन सेकंदांनी येईल, नाहीतर सात सेकंदांनी, काही नेम नाही. तो दिसला की बोट टेकवायचं. मध्ये किती वेळ गेला ते मिलिसेकंदात मोजतात, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. वीस वेळा टेकवायचं, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा वीस.

हे कशासाठी, ते काकांनी नीट समजावलं. इकडच्या सळया ओढणाऱ्या लहान रोलिंग मिलांत आता बटणं जाऊन टचस्क्रीन आले आहेत. लालभडक सळई कधी कधी रुळावरून उडते आणि सापासारखी वेटोळी घालत माणसांत शिरते. स्क्रीनवर थांबवायचा चौकोन दाबायला ऑपरेटरला अर्धा सेकंद उशीर झाला तरी एखादा जीव जातो. म्हणून ऑपरेटरांची बोटं मोजायची आणि सुधारायची. त्यासाठी सरावाची पद्धत आधी माझ्यावर बसवायची.

माझा पहिला आकडा ३१२. आकडे टिपणारी खुशबू नावाची मुलगी आहे, रसमड्याची. ती हसली नाही. एकूण हसतच नाही वाटतं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

२४०! सहा दिवसांत.

यात जोर काही नाही, सगळी शिस्त आहे. बोट काचेपासून जेमतेम एका बोटाच्या जाडीवर धरायचं, उंच उचललं की वेळ वाया जातो. कोपर टेबलावर टेकलेलं हवं. बोट कोरडं, काच पुसलेली. नजर बोटावर ठेवायची नाही, स्क्रीनच्या मधोमध, तीही सैल. झोप नीट झाली नसेल तर वीस-तीस मिलिसेकंद असेच जातात. आणि एखादा चांगला आकडा आला म्हणून नाचायचं नाही, विसातला मधला आकडा खरा.

मी ठिपक्याची चाहूल घेऊन आधीच बोट टेकवलं तर काका ओळखतात. म्हणतात, "बोटाले घाई शिकवाची नसते, बाबू. बोटाले वाट पाहाले शिकवाचं असते." शंभरच्या खालचा आकडा ते रद्द करतात. डोळ्यानं पाहून बोटानं हलायला माणसाला तेवढा वेळ लागतोच, त्याच्या खाली आलं म्हणजे तो अंदाज.

संध्याकाळी काकू माझ्या बोटांना मोहरीचं तेल चोळतात. आईनंसुद्धा इतकं केलं नाही. धाकट्या बहिणीला, भूमिकाला, फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, दादा, मला पण भिलाईला बोलाव.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आजपासून घरीही सराव. काकांनी एक टॅबलेट आणि दोन रबरी कडी आणली. एक कडं माझ्या उजव्या तर्जनीत, दुसरं सिद्धांतच्या. दोन्हींच्या तारा एकाच डबीत जातात. कड्यातून बारीक झिणझिण्या येतात, त्यानं बोटाची नस जागी राहते म्हणे. सिद्धांतचं कडं कशाला, विचारलं. काका म्हणाले, फक्त तुलना करायला, एक चालतं बोट आणि एक बंद बोट.

मग सिद्धांतचं काय झालं तेही सांगितलं. तो रसमड्याच्या एका मिलमध्ये ऑपरेटर होता, तिथला सगळ्यात चपळ, ११८ आकडा. एका दुपारी सळई उडाली आणि त्याचं बोट उशिरा पोहोचलं. समोर चंपत नावाचा माणूस उभा होता. त्याच दिवशी सिद्धांतचे दोन्ही हात थांबले. रायपूर, नागपूर सगळीकडे दाखवलं. नसा चांगल्या आहेत म्हणतात.

रात्रीच्या जेवणाला मीच त्याला भरवलं. तो म्हणाला, घास मोठा करतोस तू. आम्ही दोघं हसलो. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

१४१. काकांनी सेंटरमध्ये पेढे वाटले.

आणि त्याहून मोठी बातमी: सिद्धांतचं बोट हललं! सराव चालू होता, माझ्या स्क्रीनवर ठिपका आला, मी बोट टेकवलं आणि त्याच क्षणी टॉवेलवरची त्याची तर्जनी उचलली गेली. एकदाच. मी ओरडलोच. काकू स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी धावत आल्या आणि त्यांनी मला छातीशी धरलं. त्याला नाही, मला. म्हणाल्या, "तुह्या पायगुणानं झालं रे. तू माहा दुसरा लेक."

मला आज झोपच येणार नाही.

बुधवार, ५ मार्च

सकाळी १०४. दुपारच्या फेरीत ७१. विसातले नऊ आकडे शंभरच्या खाली. मी स्वतःच म्हटलं, काका, रद्द करा, पण खरं सांगतो, मी अंदाज केला नव्हता. काकांनी रद्द केले नाहीत. स्क्रीन बंद केला आणि बराच वेळ हात जोडून बसले. खुशबूला म्हणाले, हे आकडे वहीत घेऊ नकोस.

मला आनंद व्हायला हवा होता. पण त्या नऊ वेळा बोट मी टेकवलं असं मला वाटलं नाही. ठिपका दिसला तेव्हा बोट काचेवर आधीच होतं.

आणखी एक गोष्ट. स्क्रीन सोडून बाकी कामांत हात उशीर करतो. शर्टाची बटणं लावायला सकाळी दहा मिनिटं लागली. चहाचा कप धरतो तर बोटं जरा थांबून मिटतात, जणू कुणाला विचारून. काका म्हणतात थकवा आहे, दूध वाढव.

सोमवार, १० मार्च

सुपेल्याच्या चौकात काकांची स्कूटी चालवत होतो. समोर शाळेची रिक्षा थांबली. उजव्या हाताला ब्रेक लाव म्हटलं. हातानं लावला नाही. लावला, पण मी पायानं घासत, हँडल वाकडं करून रिक्षाच्या बाजूनं निसटल्यावर. मग तो इतका घट्ट दाबला की स्कूटी कलली.

कोपर सोललं. काकूंनी हळद लावली. सगळ्यात आधी त्यांनी बोटं तपासली. एकेक वाकवून पाहिलं. कोपरातून रक्त येत होतं.

शुक्रवार, १४ मार्च

होळी. सेंटर बंद.

आम्ही अंगणात बसलो होतो. सिद्धांतनं उजवा हात उचलला. सगळा हात! गुलालाच्या ताटलीत बोट बुडवलं आणि काकूंच्या कपाळाला लावलं. शेजारचे धावत आले, कुणी नगारा आणला, काका लहान मुलासारखे रडले. मीही रडलो.

मग सिद्धांतनं अंगठ्यानं मधलं बोट दोनदा कडकडा मोडलं आणि मनगट झटकलं.

ही माझी सवय आहे. अशीच्या अशी. यावरून भूमिका मला लहानपणापासून रागावते. मी माझ्या हाताकडे पाहिलं आणि बोट मोडायचा प्रयत्न केला. मोडलं नाही.

सिद्धांतनं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

रविवार, १६ मार्च

बैठकीत पेपर पडला होता. त्याच्या कोऱ्या कडेवर कुणीतरी पेनानं अक्षरं गिरवली होती. मला वाटलं मीच कधीतरी लिहिलं असेल. माझा ‘झ’ मी खालून वर काढतो, गुरुजींनी कितीदा मारलं त्यावरून. ‘श’ची गाठ मी सोडूनच देतो. सगळं तसंच. पण पेपर आजचा होता.

सकाळी सिद्धांत लिहायला बसला होता, काकू कौतुकानं म्हणाल्या.

माझं आजचं अक्षर मला लावता येत नाहीये. एवढी वाक्यं लिहायला पाऊण तास गेला.

सोमवार, १७ मार्च

खुशबू आज पहिल्यांदा बोलली. काका फोनवर बाहेर गेले तेवढ्यात.

माझ्या आधी आनंद नावाचा मुलगा होता, डोंगरगडचा. तोही त्याच वरच्या खोलीत राहायचा. काकू त्यालाही तेल चोळायच्या. त्याचा आकडा शंभरच्या खाली गेला आणि पंधरा दिवसांत त्याचा उजवा हात गेला. सगळ्यांना लकवा सांगितला. तेव्हा सिद्धांत चांगला झाला होता. स्वतःच्या हातानं जेवायचा, दाढी करायचा.

मी म्हटलं, मग आता?

आनंदचा हात त्याला दिवाळीपर्यंतच पुरला, असं ती म्हणाली. मग काका पुन्हा मुलगा शोधायला लागले. माझ्या बाबांना त्यांनीच फोन केला होता. बाबांनी नाही.

मी विचारलं, तू सगळं माहीत असून आकडे टिपत राहिलीस? तिनं आकड्यांची वही मिटली. काकांची चाहूल लागली तशी एवढंच म्हणाली, "तैं इहाँ ले भाग जा भइया. आजेच."

मंगळवार, १८ मार्च

रात्री सराव करणार नाही म्हटलं. काका रागावले नाहीत. म्हणाले, बरं.

बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. माझ्याच कानाला ते वेड्यासारखं वाटत होतं, तरी सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेबाच्या घरचं खाऊन त्याहीच्यावरच संशय घेतो? काम झेपत नाही तं तसं सांग. मले लाज वाटते तुह्यी." आणि ठेवून दिला.

आयटीआयची सर्टिफिकेटं, आधार, सगळं काकांच्या कपाटात. पहिल्याच दिवशी सांभाळायला म्हणून घेतलं होतं. कागद मिळाले की जायचं. नाही मिळाले तरी —

बुधवार, १९ मार्च

काकूंना सगळं समजलंय. सकाळी काका गेल्यावर वर आल्या. माझ्या पायाशी बसल्या. मी त्यांना उठवायला गेलो तर उठल्या नाहीत.

खूप रडल्या. म्हणाल्या, आनंदच्या वेळी मी गप्प राहिले, त्या पोराची आई रोज माझ्या डोळ्यापुढं येते. तुझ्या वेळी गप्प राहणार नाही. उद्या दुपारी काका हथखोजला असतील, मी कपाट उघडून कागद देते आणि ऑटोनं दुर्गला सोडते.

स्वतःच्या हातानं माझ्या बोटातलं कडं काढलं आणि खिडकीबाहेर फेकलं. ते शेवग्याच्या बुंध्याशी पडलेलं मला इथून दिसतंय.

या घरात एक तरी माणूस आहे.

तारीख माहीत नाही

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर लागत नसेल. मलाच लागत नाही.

काय झालं ते लिहून ठेवतो.

गुरुवारी दुपारी काकूंनी कागद दिले. खरंच दिले. पुऱ्या बांधून दिल्या. दारात ऑटो होता, मी आवाज ऐकला. बॅग खांद्यावर होती. काकू म्हणाल्या, "जाताना सिद्धूचा हात एकदा हातात घे, बाबू. त्याले वाटन, भाऊ सांगून गेला."

मी घेतला. का नाही घेणार? महिनाभर भरवलं होतं त्याला.

त्याचा हात या वेळी थंड नव्हता. त्यानं माझी बोटं धरली. काकूंनी आमच्या दोघांच्या मुठीवर स्वतःच्या दोन्ही मुठी आवळल्या. त्यांच्या हातांत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, काकू, सोडा. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्याच्याकडे पाहत होत्या. "घे," म्हणत होत्या. "घे, लौकर घे."

खांद्यापासून गरम पाणी वाहून जावं तसं झालं. बोटांपर्यंत. मग बोटांतूनही.

मी पडलो तेव्हा सिद्धांत खुर्चीवरून उठला आणि त्यानं पुऱ्यांचा डबा उचलून बाजूला ठेवला. सांडू नये म्हणून.

दोन की तीन दिवसांनी

उजवा हात नाही. आहे, पण नाही. पायही उचलत नाही. जीभ जड, शब्द ओठाशी येऊन चिखल होतात.

खाली बैठकीत खाट टाकलीय. वेताची खुर्ची आता रिकामी.

काकू तशाच प्रेमानं वागतात. तशाच! तोंड पुसतात, उशी नीट करतात. मी तोंड फिरवतो तर हळूच हनुवटी धरून वळवतात. काल म्हणाल्या, "माह्यावर राग नोको धरू. आई झाल्याशिवाय नाही समजत." मी थुंकलो. त्यांनी पदरानं पुसलं.

वही आणि नवं पेन काकूंनीच उशाशी ठेवलं. लिही, मन मोकळं होईल म्हणाल्या. त्यांना वाचायचं असेल तर वाचू दे.

मंगळवार असावा

बाबा आले होते.

बाबा आले होते आणि गेले.

मी बोलायचा प्रयत्न केला. नुसता आवाज निघाला. बाबांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, त्यांच्या हाताला घरचा वास होता. वहीकडे मी डोळ्यांनी दाखवत राहिलो. वही उशाशी नव्हती. बाबा आल्यावर काकूंनी उचलून नेली होती.

मग बाबांनी खिशातून एक चिठ्ठी काढून मला वाचून दाखवली. मी पाठवलेली. आजारी पडायच्या आदल्या दिवशी मी लिहिली म्हणे. फोनवर वाईट बोललो त्याची माफी, काका-काकू देवमाणसं आहेत, मला काही झालं तर मला इथेच राहू द्या, गावात इलाज नाही.

‘झ’ खालून वर काढलेला होता. ‘श’ला गाठ नव्हती.

सिद्धांत दारात उभा होता. त्यानं अंगठ्यानं बोट मोडलं.

मी ओरडत राहिलो. बाबांना वाटलं दुखतंय. त्यांनी उमाकांतकाकांचे पाय धरले. माझ्या लेकाला तुम्हीच वाचवलं म्हणाले. साहेब, तुमचे उपकार —

गुरुवार

सिद्धांत भरवतो मला आता. माझ्याच हातानं. घास मोठा करतो.

मी त्याच्याकडे पाहत राहतो. आज त्याला सहन झालं नाही. म्हणाला, "सॉरी यार. मैंने मना किया था." मग म्हणाला, नाही, खोटं बोललो, मना नाही केलं.

मी त्याच्यावर सर्वात जास्त जीव लावला होता. काका साहेब होते, काकू काकू होत्या. हा माझा —

त्याचा डावा हात अजून मांडीवर पडलेला असतो. टॉवेलवर.

शनिवार

हात बसायला लागला. डावा. काल पान भरायला सकाळ गेली, आज तासाभरात झालं. अक्षर तिरकं आहे पण लागतं.

हेच एक माझं उरलंय. हे लिहिणं. कुणीतरी वाचेल. भूमिका वाचेल. भूमिका, तू इकडे येऊ नकोस. कुणी बोलावलं तरी नको.

काका रोज येऊन वही पाहतात. वाचत नाहीत. ओळींवरून बोट फिरवतात, अक्षरांचा आकार पाहतात. आज मान हलवली. ही मान मी ओळखतो. माझा आकडा खाली यायचा तेव्हा हलायची.

सोमवार

डाव्या तर्जनीत कडं आहे.

झोपेत चढवलं असेल. तार गादीखालून जाते. कुठं जाते ते दिसत नाही, पण समोर सिद्धांत बसलाय आणि टॉवेलखालून एक तार —

आत्ता मी ‘तार’ लिहिलं तेव्हा त्याचं डावं बोट हललं.

पुन्हा लिहून पाहतो. तार. तार.

हललं. दोनदा.

स्क्रीन नको त्यांना. ठिपका नको. मी रोज लिहितोय, रोज वेग वाढतोय, हाच सराव. म्हणून पेन दिलं. म्हणून मन मोकळं कर म्हणाल्या.

काका घड्याळ घेऊन समोर बसलेत. काकू त्याच्यामागे उभ्या, त्याच्या खांद्यावर हात. तिघं पाहताहेत.

आता एक अक्षरही नाही. मी थांबलो की हे थांबेल. हा हात मी देणार नाही. इथेच थांबतो.

थांबतो म्हणतोय. पेन ठेवतोय. बोटं सोडत नाहीत. मी लिहीत नाहीये, मी हे लिहीत ना —